चार वह्या, एक घर : गावाच्या आराखड्यात आरोग्य आणि आधार

आषाढात माउलींची पालखी लोणंद सोडते, चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं आणि तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत सोहळा नातेपुत्याकडे जातो. या मोजक्या दिवसांसाठी फलटण तालुक्यात बऱ्याच आधीपासून बैठका बसतात. महसूल, आरोग्य, पंचायत समिती, नगरपरिषद, पाणीपुरवठा, वीज, पोलीस, एसटी असे सगळे एका टेबलाला येतात. कोणत्या विहिरीत टीसीएल टाकायची, ओटी टेस्ट कोण घेणार, टँकर कुठे भरायचे, फिरती शौचालयं कुठे लावायची, १०८ कुठे उभी करायची, हे जागेच्या आणि माणसाच्या नावानिशी कागदावर येतं. ‘हे आमच्या खात्याचं नाही’ असं म्हणणं त्या दिवसांत कोणाला परवडत नाही.

सोहळा पुढे गेला की टेबल मोडतं आणि जो तो आपापल्या फायलींकडे परततो. मागे गावात लकव्याने अंथरुणाला खिळलेला एखादा म्हातारा असतो. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आरोग्य खात्याकडे, पेन्शन तहसिलात, दिव्यांग प्रमाणपत्र मोठ्या रुग्णालयात, घरातल्या शौचालयाचा विषय ग्रामपंचायतीत. त्याला दिवसातून दहा वेळा उचलून बसवणारी सून मात्र कोणत्याच खात्यात नाही.

पालखीसाठी जे टेबल मांडलं जातं तेच वर्षभर, लहान प्रमाणात, प्रत्येक गावात मांडता येतं. त्याला नवा जीआर लागत नाही की नवी योजना. आहे त्या ग्रामपंचायत विकास आराखड्यातच हे बसतं. सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, बचत गटाच्या ताई आणि ज्यांच्याकडे वेळ व शब्दाला वजन आहे असे गावातले निवृत्त गुरुजी नि फौजी, अशांसाठी पुढची माहिती आहे.

आधी अधिकाराचं. आरोग्य म्हणजे डॉक्टरांचं काम, पंचायतीने गटार आणि पथदिवे बघावेत, ही समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय अकराव्या अनुसूचीत दिले. त्यात २३ वा विषय आरोग्य व स्वच्छतेचा, २४ वा कुटुंबकल्याणाचा, २५ वा महिला व बालविकासाचा, २६ वा दिव्यांगांसह समाजकल्याणाचा आणि २७ वा दुर्बल घटकांचा आहे. पाचही ओळीने लागून आहेत. कायदा करणाऱ्यांनी ते शेजारी शेजारी ठेवले, कार्यालयं मात्र वेगवेगळ्या इमारतींत गेली. २०१५ पासून राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने आराखडे होतात. आता आराखड्यासाठी ठरवून दिलेल्या नऊ संकल्पनांत ‘आरोग्यदायी गाव’ आणि ‘सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव’ या दोन आहेत. बहुतेक गावं एकच निवडतात आणि तिच्याखाली पेव्हिंग ब्लॉक बसवतात.

वह्या एका टेबलावर

कामाची सुरुवात पैशापासून करू नका, याद्यांपासून करा. तुमच्या गावाच्या चार वह्या आधीच तयार आहेत. आशाताईंनी तिशीवरच्या माणसांचे सी-बॅक फॉर्म भरलेले आहेत. कोणाला साखर, कोणाला बीपी, कोण अंथरुणाला खिळलेलं, हे त्यांना पाठ असतं. अंगणवाडी सेविकेकडे गरोदर आणि स्तनदा माता, कमी वजनाची मुलं यांची नोंद आहे. ग्रामपंचायतीकडे दिव्यांगांची नोंदवही आहे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांची यादी तहसिलात असते आणि तलाठ्याकडून मिळवता येते. या चार वह्या एका टेबलावर कधी येत नाहीत. नेमकं तेवढंच घडवून आणायचं आहे.

त्यासाठीची समितीही कागदावर आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असं तिचं लांबलचक नाव. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून अशा समित्या आहेत. आशा, अंगणवाडी सेविका, आरोग्यसेविका, पंचायत सदस्य असे लागणारे सगळे तिच्यात आहेत. गावोगावी ती सहीपुरती उरली आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. तिची एक बैठक खरी घ्या. दुपारी तीनला, अंगणवाडीत, स्वयंपाक आणि रानातलं काम या दोन्हींच्या मधल्या वेळात. विषय एकच ठेवा : दोन किंवा अधिक वह्यांत ज्यांचं नाव येतं ती घरं कोणती?

हजार-बाराशे वस्तीच्या गावातही अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतील. आराखडा त्यांच्यापासून सुरू करायचा.

समजा असं एक घर. बाबा ७१ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली. आईला साखर आहे. मुलगा पुण्याला कंपनीत, सून इथे, नातू अंगणवाडीत आणि वजनाला कमी. आशाताईंच्या वहीत बाबा आणि आई, सेविकेच्या वहीत नातू. दिव्यांग वहीत बाबांचं नाव नाही, कारण प्रमाणपत्रच काढलेलं नाही. पेन्शनच्या यादीत नाव आहे, पण पैसे थांबले आहेत, कारण खातं आधारला जोडताना बाबांच्या अंगठ्याचा ठसा यंत्राला लागत नाही.

आता कोणी काय करायचं ते ठरवा. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक भरू शकतो. दिव्यांग तपासणीचा वार फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी फोन करून विचारा, नाहीतर साताऱ्याचं साठेक किलोमीटरचं येणं-जाणं रिकामं होतं. एकाच दिवशी तीन-चार जणांना नेता येत असेल तर गाडीचा खर्च वाटून जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. पार्किन्सन, थॅलेसेमिया, सिकलसेल, दीर्घकालीन मानसिक आजार हेही त्यात आहेत आणि ही माणसं गावच्या वहीत बहुधा नसतात. अंगठ्याचा प्रश्न बँकेत सुटत नसेल तर पोस्टमनला सांगा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे डाकसेवक यंत्र घेऊन घरी येतात. पैसे सुरू झाले की श्रावणबाळचे दरमहा १,५०० रुपये खात्यात येऊ लागतील. बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, म्हणजे उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. ते कार्डही त्याच दिवशी काढून टाका.

एवढं झालं तरी घर सावरलं असं नाही. बाबांना संडासला कसं न्यायचं हा सुनेचा खरा प्रश्न आहे. अंघोळीच्या दगडाजवळ भिंतीला एक आडवा दांडा, संडासात दोन उभे दांडे, उंबऱ्यावर लाकडी फळीचा उतार आणि कमोडची खुर्ची, एवढ्याने तिचं निम्मं ओझं उतरतं. या विचाराशी फलटणचं एक नातं आहे. इथली कमला निंबकर बालभवन ही शाळा ज्यांच्या नावाने आहे त्या कमलाताई मूळच्या अमेरिकन. आजारी माणसाला आपलं आपण खाता यावं, अंघोळ करता यावी, कामाला लागता यावं यासाठीची उपचारपद्धती, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, भारतात त्यांनी रुजवली. १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात तिचं पहिलं विद्यालय त्यांच्याच पुढाकाराने सुरू झालं. शहरातल्या रुग्णालयांपाशी राहिलेली ही विद्या गावच्या संडासातल्या दांड्यापर्यंत पोचवणं पंचायतीच्या हातात आहे, आणि तो दांडा बसवायला गावचा वेल्डर पुरतो.

सुनेसाठी आणखी एक गोष्ट. आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला घरी बोलावून तिला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा : दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाचा, खुबे आणि माकडहाडावर लालसर डाग दिसतो का ते रोज कसं पाहायचं, भरवताना मान किती उचलायची. पाठीची जखम एकदा चिघळली की मग दवाखान्याच्या खेपा सुरू होतात, आणि ती जखम होऊ न देण्याचं ज्ञान अर्ध्या तासात देता येतं. अशी पाच-सहा घरं असतील तर त्या बायकांना एकत्र बसवा. शिकण्याइतकाच एकमेकींशी बोलण्याचाही उपयोग होतो.

पैसा कुठला

पैसा नाही ही सबब अर्धीच खरी आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं मिळून वर्षाला १२ लाख जमत असतील तर दिव्यांगांचे ६० हजार आणि महिला-बालकांचे १ लाख २० हजार होतात. पुष्कळ ठिकाणी ते ६० हजार मार्चमध्ये यादीतल्या सगळ्यांना सारखे वाटून टाकतात. चालता येणाऱ्यालाही तेवढेच आणि अंथरुणावरच्यालाही तेवढेच. वाटप सोपं, तक्रार नाही, फोटोही निघतो. माझं मत स्पष्ट आहे : हा निधी वाया घालवण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग हाच. निदान निम्मी रक्कम घरातल्या बदलांसाठी आणि साहित्यासाठी राखून ठेवा.

पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी होती. राज्यात या अनुदानाचे ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला असा वाटा ठरला. अबंधित निधीतून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही, ही अट नीट लक्षात ठेवा, नाहीतर ‘गावासाठी एक नर्स नेमू’ असा ठराव होतो आणि लेखापरीक्षणात अडकतो. वस्तू, दुरुस्ती, साहित्य यावर भर ठेवा. अंगणवाडीच्या आणि सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती करताना दांडे आणि उतार अंदाजपत्रकातच घालायला लावा. मागून बसवायचे म्हटले की ते राहतातच.

वर सांगितलेल्या समितीला वर्षाला १० हजारांपर्यंतचा अबंधित निधी असतो. रक्कम हास्यास्पद आहे, पण तिच्यात साध्या बाजारभावाने दोन वॉकर, एक कमोड खुर्ची आणि एक एअर बेड येतो. खुब्याचं हाड मोडलेल्या आजीला या वस्तू तीन महिने लागतात, पुढे माळ्यावर पडून राहतात. म्हणून गावची साहित्य पेढी करा. ठेवायची उपकेंद्रात, नोंद साठा नोंदवहीत. अनामत घेऊ नका, गरिबाला तीच अडवते. त्याऐवजी गावातला एक जामीन पुरे. परत आलेली खुर्ची ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवूनच आत घ्यायची आणि हे काम कोणाचं ते नाव लिहून ठरवायचं. पेढ्या बंद पडतात त्या पैशाअभावी कमी, या धुण्या-पुसण्याच्या हेळसांडीने जास्त. ज्यांचे आई-वडील गेले त्या घरी वापरलेल्या चाकाच्या खुर्च्या पडून असतात. त्या मागायला संकोच करू नका, लोक आनंदाने देतात.

यादीत नसलेली माणसं

दिवाळीनंतर फलटण आणि साखरवाडीच्या कारखान्यांभोवती ऊसतोड टोळ्या उतरतात. बीडकडची, मराठवाड्यातल्या इतर भागांतली जोडपी कोप्या घालून मार्चपर्यंत राहतात. कोप्यांतल्या गरोदर बाईचं नाव तिच्या गावच्या आशाताईंच्या वहीत असतं, तुमच्या नाही. तिच्या मुलाचा डोस चुकतो तो याच फटीत. चारही वह्यांत न सापडणारं हे घर तुमच्याच शिवारात पाच महिने असतं.

यावर उपाय हंगाम सुरू होण्याआधीच करायचा असतो. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे आणि चिटबॉयकडे कोणती टोळी कुठे उतरणार याची माहिती असते. ती आराखड्याच्या बैठकीत मागवा. तळ पडला की त्या आठवड्यात आशा आणि सेविकेने एक फेरी मारायची. माता-बाल संरक्षण कार्ड कुठल्याही गावचं असलं तरी चालतं, लस कुठल्याही उपकेंद्रात मिळते, पूरक आहारही मिळायला हवा. फेरी पहाटे किंवा रात्रीच होईल, कारण बायका दिवसभर फडात असतात. तळावर पाण्याची टाकी आणि फिरतं शौचालय कारखान्याकडून मागून घ्या. आशाताईंच्या रात्रीच्या फेरीसाठी गाडी आणि सोबत देणं पंचायतीचं काम. त्यांना पगार नाही, मोबदला आहे, आणि तो वेळेवर मिळावा म्हणून त्यांना संपावर जावं लागलेलं आपण पाहिलं आहे. प्रत्येक नव्या कल्पनेचं ओझं त्यांच्याच पिशवीत टाकू नका. या लेखातली निम्मी कामं बचत गटाला, तरुण मंडळाला आणि पंचायतीच्या शिपायाला करता येतात.

फलटण शहरात ग्रामसभा नाही, पण दिव्यांगांसाठीचा ५ टक्क्यांचा नियम नगरपरिषदेलाही आहे. प्रभागातल्या दहा जणांनी मिळून मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा आणि पाठपुरावा नगरसेवकाकडून करून घ्या. झोपडपट्टीत आणि भाड्याच्या खोल्यांत यादीबाहेरची माणसं गावापेक्षा जास्त सापडतील.

तालुक्याकडून काय मागायचं

काही गोष्टी एका गावाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. फिजिओथेरपिस्ट एका गावाला परवडत नाही, पण बरड किंवा तरडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या सगळ्या गावांत मिळून आठवड्याच्या एका फेरीचं काम नक्की निघतं. सपाटीच्या भागात असं केंद्र साधारण ३० हजार लोकवस्तीला धरलेलं असतं. ही मागणी गावोगावच्या ठरावांनी पंचायत समितीच्या आराखड्यात जायला हवी. एका सुरात सात-आठ गावांचे ठराव आले की गटविकास अधिकाऱ्यांना त्यावर उत्तर द्यावं लागतं. त्याच ठरावात दुसरं मागा : तालुका आरोग्य अधिकारी, बाल विकास प्रकल्प अधिकारी, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांनी तीन महिन्यांतून एकदा एकत्र बसून अडलेल्या घरांची यादी संपवावी. मुलं आई-वडिलांना सांभाळत नाहीत अशी प्रकरणंही तिथे यावीत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली त्याचं न्यायाधिकरण प्रांतांकडेच आहे आणि तिथे वकील लावावा लागत नाही.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर केरळकडे पाहा. तिथल्या सरकारने २००८ मध्ये वेदनाशामक व परिचर्या सेवेचं धोरण केलं आणि पंचायतींच्या योजना निधीतून घरोघर जाणाऱ्या नर्सची व्यवस्था उभी राहिली. त्याआधी मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी असंच काम सुरू केलं होतं. सरकार त्यांच्या मागून आलं. केरळने १९९६ पासून पंचायतींना मोठा निधी दिला, आपल्याकडे तेवढा नाही, हे मान्यच आहे. स्कॉटलंडने तर २०१४ मध्ये कायदा करून आरोग्य आणि सामाजिक सेवेची अंदाजपत्रकंच एकत्र केली. आपल्याला अंदाजपत्रकं एकत्र करता येणार नाहीत, वह्या येतील.

एक ताकीद. ग्रामसभेत यादी वाचताना आजाराचं नाव घ्यायचं नाही. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, दारू, घरातली मारहाण यांची नोंद समितीतल्या दोघा-तिघांपुरती ठेवा आणि सभेपुढे फक्त आकडे आणि कामं ठेवा. एकदा नाव फुटलं की पुढच्या वर्षी कोणी वही उघडू देणार नाही. रात्री-अपरात्री लागणारे नंबर मात्र उपकेंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा : रुग्णवाहिका १०८, बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२, मानसिक त्रासासाठी १४४१६, ज्येष्ठांसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८.

पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. समितीची बैठक आणि वह्यांची जुळणी सप्टेंबरात उरकली तर ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत हा विषय पहिल्यांदा मांडता येतो. तिथे तो जास्त नेटाने उचलला जातो, कारण उचलून बसवण्याचं काम करणाऱ्या तिथेच असतात. ठरावात ‘दिव्यांग व ज्येष्ठांच्या घरांसाठी सोयी’ असं मोघम लिहू नका. किती घरांत दांडे, किती खुर्च्या, कोणत्या निधीतून, कोणत्या महिन्यापर्यंत आणि कोणाच्या जबाबदारीवर, एवढं लिहून घ्या. नोटीस निघण्याआधी विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा असा अर्ज ग्रामपंचायतीत द्या. अर्ज दोन प्रतींत करा आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या.